दंडावरची इभूत

गुरुसिद्धप्पाची सायकल शिवेवर दिसली की गावातल्या आया हातातलं काम टाकून लेकरं लपवायला पळायच्या. कुणी पोराला कणगीत उतरवायची, कुणी काखोटीला मारून ज्वारीच्या रानात शिरायची. एका बाईनं तर तान्ही पोर उतरंडीमागं ठेवून वर गोधडी टाकली आणि दारात उभं राहून सांगितलं, "आमच्या घरी लेकरूच न्हाई." गोधडीखालून रडणं ऐकू येत होतं, तरी बाई ढिम्म. गुरुसिद्धप्पानं कपाळाला हात लावला आणि पुढच्या घराकडं गेला. पुढच्या घराला कुलूप होतं.

आता हा माणूस काही दरोडेखोर नव्हता, की सारा वसूल करायला आलेला नव्हता. निजाम सरकारच्या आरोग्य खात्यात तो देवी काढायचं, म्हणजे देवीची लस टोचायचं काम करायचा. हिवाळा लागला की सेलूच्या स्टेशनावर हैदराबादेहून लसीचं पार्सल यायचं. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या काचेच्या बारीक नळ्या असायच्या त्यात. त्या पेटीत घालून तो गावोगाव हिंडायचा. लेकराच्या दंडावर थेंब सोडायचा, त्यावर टोचणी टेकवून जराशी फिरवायची आणि थेंब वाळेपर्यंत लेकराला उघड्या दंडानं सावलीत बसवायचं. आठव्या दिवशी परत जाऊन बघायचं. टोचल्या जागी टपोरा फोड आला असला तर लस लागली, त्या लेकराला देवीच्या आजाराचं भय उरलं नाही. फोड आला नसला तर लस वाया गेली, पुन्हा टोचायचं. यात न कळण्यासारखं काय आहे, असं त्याला दहा वर्षं वाटत आलं होतं.

त्याच्या स्वतःच्या तोंडावर देवीचे वण होते. तो सात वर्षांचा असताना घरात देवी आली, तो उठला आणि धाकटी बहीण गेली. तिला अंगणातून नेताना त्यानं खिडकीतून बघितलं होतं. म्हणून तर त्यानं ही नोकरी धरली. लोकांना तो आपलं तोंड दाखवायचा आणि म्हणायचा, "हे बगा, मला कुणी टोचलं नव्हतं." लोक बघायचे आणि म्हणायचे, "पण तुमी जगलात की."

लोकांच्या डोक्यात काय काय भरलेलं होतं ते ऐकून हसावं की रडावं कळत नसे. विलायतेकडं लढाई सुरू झाली त्या हिवाळ्यात वालूरच्या बाजारात खबर उठली, की सरकार पोरांच्या दंडावर शिक्का मारायलंय, मोठी झाली की शिक्का बघून पलटणीत नेणार. गुरुसिद्धप्पानं विचारलं, "मग पोरींना कशाला टोचतो मी?" एकजण म्हणाला, टोचलेल्या पोरीला मूल होत नाही, म्हणून. "इथल्याच एका शेटजीच्या सुनेला लहानपणी टोचलंय. तिला सहा लेकरं हायत," गुरुसिद्धप्पा म्हणाला. त्यावर तो माणूस शांतपणे म्हणाला, "टोचलं नसतं तर बारा झाली असती."

अशा माणसाशी बोलायचं तरी काय? गुरुसिद्धप्पा रागानं सायकलवर टांग टाकायचा. चार कोस वाटेत स्वतःशीच वाद घालायचा आणि त्या वादात मात्र दरवेळी जिंकायचा.

सगळ्यांत त्याच्या नाकी नऊ आणले होते ते पिंपळकिन्हीनं. वालूरहून चारठाण्याच्या अंगाला हे गाव, आणि गावात निम्मी घरं त्याच्याच लिंगायत समाजाची. किराणा दुकान चालवणारा नागप्पा हा त्याच्या मावसबहिणीचा, महादेवीचा नवरा. म्हणजे घरचंच गाव. पण तिथं जी गोष्ट आडवी यायची ती निव्वळ थाप नव्हती, हीच पंचाईत होती. लस वासराच्या कातडीवर वाढवतात हे लोकांना कुठून तरी कळलं होतं आणि ते खरं होतं. तेवढ्या खऱ्यावर मग बाकीचं चढत गेलं. गळ्यात लिंग बांधलेल्या लेकराच्या अंगात हा वासराचं रक्त घालतो, त्या रक्तानं लिंगधारणा मोडते, असं लेकरू मेलं तर मठाचे स्वामी त्याला माती द्यायलासुद्धा येणार नाहीत, इथपर्यंत मजल गेली होती. दहा वर्षांत त्या गावात त्यानं मोजून चार लेकरं टोचली होती, तीही पाटलाच्या घरची.

त्या पौषात तो नागप्पाच्या ओसरीवर बसला होता. नागप्पाची आई भागम्मा सुपात ज्वारी पाखडत होती. तिची पाच वर्षांची नात महानंदा त्यानं आणलेली गोडीशेव खात त्याच्या मांडीला टेकून बसली होती. मोठी चुणचुणीत पोर. आजीच्या सुईत दोरा तीच ओवून द्यायची. मामा आला की सायकलची घंटी वाजवण्याचा मान तिचा.

"बाबा, तू आपल्यातला हायस," भागम्मा म्हणाली. "माझ्या गळ्याची आण घेऊन सांग. त्या नळीत वासराचं असतंय का न्हाई?"

"असतंय, मावशी. पण रक्त न्हाई. कातडीवर धरत्यात नुसतं."

"मंजी वासराचंच की."

गुरुसिद्धप्पानं पुढचं सगळं शंभर वेळा सांगितलं होतं. त्याला एकदम थकल्यासारखं झालं. मांडीजवळच्या पोरीकडं त्यानं बघितलं. सेलूच्या दवाखान्यात डॉक्टर दिनकररावांनी सांगितलं होतं की औंदा साथीचं वर्ष दिसतंय. आणि कडू औषधावर गुळाचा खडा द्यावा तसं तो बोलून गेला, "मावशी, टोचल्यावर वरून स्वामींच्या हातची इभूत लावली तर? मग कसला इटाळ राहतोय?"

भागम्माचे सुपावरचे हात थांबले. इभूत म्हणजे भस्म. कपाळाला, दंडाला, छातीला तीन बोटांनी ओढायची. लिंगायताच्या घरात जन्मल्या लेकराला आंघोळीच्या आधी तिची ओळख होते. इभूत लागली तिथं विटाळ टिकत नाही, हे भागम्माला कुणी नव्यानं सांगायला नको होतं.

"स्वामी लावतील?" तिनं विचारलं.

"मी इचारतो."

स्वामींनी हो म्हटलं. त्यांना काय, भक्तांच्या लेकरांना इभूत लावायला ते कधी नाही म्हणणार होते? गुरुसिद्धप्पानं त्यांना एवढं सांगितलं, की थेंब वाळू द्यायचा, अर्धा तास तरी, आणि मगच इभूत. स्वामींनी मान डोलावली. स्वामी सत्तरीचे होते आणि दिवसभर कुणी काही सांगितलं तरी मान डोलवायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मठाच्या अंगणात रांग लागली. सत्तावन्न लेकरं. गुरुसिद्धप्पाचा डोळ्यांवर विश्वास बसेना. आया नटूनथटून आल्या होत्या, कुणी नारळ आणले होते, जणू जावळच काढायचं होतं. इकडं चौरंगाजवळ तो पेटी उघडून बसला, दहा पावलांवर लाकडी पाटावर स्वामी बसले. त्यांच्यासमोर ताटात इभूत आणि तांब्यात तीर्थ. लोकांनी बिचकू नये म्हणून महादेवीनं पहिला मान आपल्या पोरीला दिला. महानंदानं डोळे गच्च मिटून दंड पुढं केला, त्यानं थेंब सोडला, टोचणी फिरवली. पोर रडलीसुद्धा नाही.

महादेवीनं तिला उचललं आणि तडक स्वामींपुढं नेलं. वासराचं ते अंगावर घेऊन अर्धा तास थांबायला कोण आई तयार होती? स्वामींनी तीन बोटं तीर्थात बुडवली, इभुतीत फिरवली आणि नेहमीच्या सवयीनं दंडावर चांगली दाबून ओढली, बरोबर थेंबावरून. पांढरं पाणी पोरीच्या कोपरापर्यंत ओघळलं. महादेवीनं ते पदरानं टिपून घेतलं.

गुरुसिद्धप्पानं तोंड उघडलं होतं. "थांबा" एवढंच म्हणायचं होतं. पण त्यानं रांगेकडं बघितलं. दहा वर्षं ज्या बाया त्याला बघून रानात पळाल्या त्या एकामागं एक उभ्या होत्या, हसत होत्या, त्याच्याकडं लेकरं घेऊन येत होत्या. आता स्वामींना थांबवलं तर म्हणतील, इभुतीनं ह्याचं औषध बिघडतंय, म्हणजे औषधातच पाप हाय. रांग मोडेल, आणि एकदा मोडली की जन्मात जमायची नाही. ओरखड्यातून थोडीफार लस आत गेलीच असेल, असंही त्यानं मनाशी म्हटलं. त्यानं तोंड मिटलं आणि दुसरं लेकरू पुढं घेतलं. मग तिसरं. दुपारपर्यंत सत्तावन्न झाली. सहा-सात वांड पोरं टोचल्याबरोबर हिसडा मारून पळाली ती स्वामींपर्यंत गेलीच नाहीत, तेवढीच काय ती इभुतीवाचून राहिली.

आठव्या दिवशी तो जीव मुठीत धरून गावात शिरला. एकही घर बंद नव्हतं. लोक आपणहून लेकरांना दारात आणून दंड दाखवत होते. दंड स्वच्छ होते. ना फोड, ना सूज, ना लाली. फक्त त्या पळालेल्या पोरांपैकी सहाजणांच्या दंडावर टपोरे, पाण्यानं भरलेले फोड आले होते. त्यांच्या आया तोंड पाडून उभ्या होत्या.

"बगितलंस का?" भागम्माच्या तोंडावरून आनंद ओसंडत होता. "बाकीच्या गावात लेकरं तापानं फणफणत्यात, दंड सुजत्यात. आपल्या पोरांस्नी साधी कणकण आली न्हाई. स्वामींची इभूत हाय ती. आन ज्यांनी इभूत घेतली न्हाई त्यांचं बग."

त्या दिवशी नागप्पाच्या घरी पुरण घातलं होतं. गल्लीतली माणसं ओसरीवर येऊन बसली. ज्या गावानं त्याला पाण्याचा तांब्या द्यायला दहा वर्षं का कू केलं त्या गावानं त्या दिवशी त्याला आग्रह करकरून वाढलं. तो जेवला. महानंदा शेजारी बसून त्याच्या ताटातली पोळी खात होती आणि तिच्या दंडाकडं त्याला बघवत नव्हतं.

सांगायचं होतं. पेटीत तीन नळ्या शिल्लक होत्या. निदान ह्या एका पोरीला तरी आत बोलावून पुन्हा टोचायचं होतं. पण कारण काय सांगणार? त्यानं ठरवलं, पुढच्या हिवाळ्यात बघू. काहीतरी निमित्त काढू, इभूत आधी लावू आणि टोचणी नंतर. संध्याकाळी वालूरला जाऊन त्यानं खात्याचा तख्ता, म्हणजे टोचलेल्यांचा तक्ता भरला. सत्तावन्न नावांपुढं "कामयाब" लिहिलं. पंधरा दिवसांनी दिनकररावांकडून शाबासकीची चिठ्ठी आली.

त्यानंतर आजूबाजूच्या दोन गावांतून निरोप आले, की आमच्याकडं बी इभूत लावून टोचा. त्या गावांत त्यानं डोळ्यांत तेल घालून काम केलं. स्वामींना मुद्दाम अर्धा तास उशिरा बोलावलं, थेंब वाळल्यावरच इभूत लावू दिली, आणि आठव्या दिवशी दंडादंडावर फोड आले. म्हणजे कसं करायचं ते त्याला चांगलं माहीत होतं. फक्त पिंपळकिन्हीला परत जाऊन तोंड उघडायचं तेवढं राहिलं.

चैत्रात साथ आली. आसपासच्या गावांत कुठं एक, कुठं दोन असं लेकरू आजारी निघालं, पण पिंपळकिन्हीत ती घराघरांतून फिरली. दारांना कडुलिंबाचे टहाळे लागले, चुलींवर फोडणी बंद झाली, अंगात देवी आली म्हणून आजारी लेकराला आजोबासुद्धा "आई" म्हणून हाक मारायला लागले. गुरुसिद्धप्पा नव्या नळ्या घेऊन धावत गेला. आता कुणी त्याला दारात उभं करेना. "टोचलेल्यांनाच आली," लोक म्हणत होते. "आमी टोचलं, इभूत लावली, समदं केलं. आता काय करायचं ऱ्हायलंय?" ते सहाजण, ज्यांच्या दंडावर फोड आले होते, धुळीत खेळत हिंडत होते. त्यांच्याकडं बोट दाखवून त्यानं सगळं सांगायला हवं होतं. पण ती वेळ टाळत टाळत तो इतका लांब आला होता, की आता शब्द फुटत नव्हता.

गावात नऊ लेकरं गेली. महानंदा वाचली. एकविसाव्या दिवशी तिची खपली पडली तेव्हा दोन्ही डोळ्यांत पांढरं पडलं होतं. तो ओसरीच्या पायरीवर उभा होता आणि आत महादेवी पोरीच्या तोंडासमोर बोटं नाचवत विचारत होती, "किती हायत? सांग बरं, किती हायत?"

दिनकररावांनी त्याला बोलावून घेतलं. "तख्त्यात सगळी कामयाब आहेत. मग हे कसं झालं?" गुरुसिद्धप्पा म्हणाला, "लस उन्हानं खराब झाली असंल, साहेब." साहेबांनी तसं लिहून वर पाठवलं. पण असली गोष्ट कागदावर राहत नाही. सरकारी नळीतच खोट होती, असं बाजारात पसरलं आणि मग ज्या गावांत दंडादंडावर फोड आले होते त्यांनीही दारं लावून घेतली. दहा वर्षं तो लोकांच्या अफवांना शिव्या घालत हिंडला होता. ही अफवा त्याची स्वतःची होती, आणि इतकी चांगली चालणारी अफवा त्या मुलुखात आधी कुणी उठवली नव्हती.

दोन वर्षं गेली. पिंपळकिन्हीला तो जायचा टाळत असे. पण माघात खबर आली, की देवगाव फाट्याच्या बाजूला पुन्हा देवीचे रोगी निघालेत. महादेवीला मुलगा झाला होता, शिवमूर्ती, सात महिन्यांचा. गुरुसिद्धप्पा रात्रभर जागा होता. सकाळी त्यानं पेटी बांधली आणि सायकल काढली.

नागप्पा बाजाराला गेला होता. ओसरीवर भागम्मा होती, महादेवी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. महानंदा आत कुठंतरी होती, तिच्या हातातल्या खुळखुळ्याचा आवाज येत होता. त्यानं बाळाला टोचायचं म्हणताच महादेवीनं पदर बाळावर ओढला.

"न्हाई, अण्णा. एक लेकरू दिलं मी टोचायला. तिचे डोळे टोचल्यानं गेले."

"तसं न्हाई गं, सूनबाई," भागम्मा म्हणाली. "टोचल्यानं देवी कोपली, खरंय. पण इभूत व्हती म्हणून जिवावरचं डोळ्यांवर निभावलं. ह्यानं इभूत लावायला सांगितली म्हणून, न्हाईतर पोरगी हातची गेली असती." तिनं गुरुसिद्धप्पाकडं मायेनं बघितलं. "तुझे लय उपकार हायत, बाबा. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते."

शिवी दिली असती तर त्यानं सोसली असती. हे त्याला सोसवलं नाही. पेटीवर दोन्ही हात ठेवून तो खाली बघत बोलायला लागला.

"डोळे टोचल्यानं गेले न्हाईत. टोचलं ते लागलंच न्हाई म्हणून गेले. थेंब वाळायच्या आदी ओली इभूत लागली, त्यात लस धुऊन गेली. समद्या गावाची गेली. ती सहा पोरं पळाली म्हणून वाचली. नळीत काय खोट नव्हती. ते मीच साहेबाला खोटं सांगितलं."

"इभुतीला बोल लावायलास व्हय?" भागम्माचा आवाज चढला. "स्वामींच्या हातच्या इभुतीला? कुणी शिकवलं तुला हे?" ती बोलतच राहिली, की ह्याला कुणाची नजर लागली, सरकारचं मीठ खाऊन डोकं फिरलं. गुरुसिद्धप्पाला त्याचं काही वाटलं नाही. भागम्मा हे मानणार नाही, आज नाही आणि कधीच नाही, हे त्याला ठाऊक होतं. तो महादेवीकडं बघत होता. ती अजिबात हलली नव्हती.

"तुमी तवाच बगितलं व्हतं?" तिनं विचारलं. "स्वामींनी बोटं ओढली तवाच?"

"व्हय."

"मी पदरानं टिपलं ते?"

"ते बी."

"मग मला बोलला कामून न्हाईत?"

"रांग मोडंल म्हणून." ते शब्द बाहेर पडल्यावर किती लहान वाटले ते त्याचं त्याला कळलं.

"आन आठव्या दिवशी? तवा कळलं असंल की, दंड कोरा बगून."

"कळलं."

"तवा तिला परत टोचता आलं असतं?"

"आलं असतं. त्याच्यानंतर बी. साथ यायला दोन महिने व्हते."

"नळी व्हती तुमच्याजवळ?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. "तीन व्हत्या," तो म्हणाला. "ह्याच पेटीत."

महादेवी रडेल असं त्याला वाटलं होतं. ओरडली असती, पेटी अंगणात फेकली असती, तरी त्यानं पाया पडून माफी मागितली असती. माफीचे शब्द त्यानं वाटेत जुळवून ठेवले होते. तिनं त्याला ती सवड दिली नाही. घटकाभर ती बाळाच्या टाळूवरून हात फिरवत राहिली. "आन तुमी इथं बसून पुरण खाल्लंत," ती म्हणाली, फार हळू, स्वतःलाच सांगितल्यासारखं. मग तिनं बाळाचं अंगडं काढलं, त्याला सरळ मांडीवर बसवलं आणि दंड पुढं केला.

"टोचा."

भागम्मा उठली. "मी इभूत आणते."

"आत्याबाई, ह्याला हात लावायचा न्हाई कुणी," महादेवी म्हणाली. आठ वर्षांच्या संसारात ती सासूशी अशी बोलली नव्हती. भागम्मा देवळीपाशी गेलेली तिथंच उभी राहिली.

दहा-बारा वर्षांत हजारो दंड गुरुसिद्धप्पानं टोचले होते, पण त्या दिवशी थेंब सोडायला त्याला दोनदा श्वास घ्यावा लागला. बाळ किंचाळलं. महादेवीनं त्याला छातीशी धरलं, दंड मात्र बाहेर काढून मोकळा ठेवला, कशालाही लागू न देता. "किती येळ?" तिनं विचारलं. "अर्धा तास," तो म्हणाला. अर्धा तास ती तशीच बसली. माशी आली तर फुंकर मारून उडवली. बाळ रडून रडून झोपलं तरी तिनं हात खाली केला नाही. एवढी अक्कल, एवढा धीर ह्या बाईजवळ होता. सांगितलं असतं तर महानंदाला घेऊन ती मठाच्या अंगणातही अशीच बसली असती. नुसतं सांगायचं होतं. लोक अडाणी, लोकांना काही समजत नाही, असं घोकत तो इतकी वर्षं हिंडला आणि समजून घेणारं माणूस समोर आलं तेव्हा त्यानं तिलाच सांगितलं नव्हतं.

थेंब वाळला. त्यानं पेटी मिटली. "आठव्या दिवशी येतो बगायला," तो म्हणाला.

"तुमी येऊ नका."

"अगं, फोड आला का न्हाई ते बगावं लागतंय. न्हाई आला तर परत..."

"मी बगीन. मला कळतंय आता काय बगायचं ते." तिनं पहिल्यांदा त्याच्याकडं सरळ बघितलं. "न्हाई आला तर बाळाला घेऊन सेलूला जाईन, मोठ्या डॉक्टरकडं. तुमच्या टोचण्यावर माझा इस्वास हाय. पण फोड आला, असं तुमी म्हणलात तर मला खरं वाटायचं न्हाई."

तो पेटी उचलून पायरी उतरला. आतला खुळखुळा थांबला होता. भिंत चाचपत महानंदा दाराशी आली, आवाजाच्या दिशेनं तोंड करून उभी राहिली.

"आई, कोण आलंय? मामा हाय का?"

"न्हाई," महादेवी म्हणाली. "टोचणीवाला हाय. निघालाय."